धोका आणि दोष

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण, सुरतेत ज्यांच्या पिढ्या गेल्या अशा आपणां मराठी कुटुंबांना गुजराती शेजाऱ्यांइतकीच तोंडपाठ आहे. मूळची ती गुजराती; परंतु तापीच्या काठी राहता राहता ती आपल्या माजघरात केव्हा येऊन बसली, हे आज कोणी सांगू शकणार नाही. या म्हणीत जेवण आणि मरण एका पंक्तीस बसले आहेत, आणि दोन्ही भाग्याच्या गोष्टी म्हणून बसले आहेत. जेवावे सुरतेस आणि मरावे काशीस, एवढाच तिचा आशय. या दोहोंत काही कार्यकारणसंबंध असावा, अशी शंका म्हण रचणाऱ्याच्या मनाला शिवलीही नसेल. गेल्या काही दशकांत मात्र वैद्यकशास्त्राने या दोन शब्दांमधील अंतर मोजावयास घेतले आहे, आणि त्या मोजणीतून काही नैतिक प्रश्न आपल्या घरांत येऊन उभे राहिले आहेत.

प्रस्तुत लेखात आम्ही त्या मोजणीचा एकच लहानसा प्रांत घेत आहोत. रक्तातील इन्सुलिन व त्याच्याशी निगडित असलेले काही निर्देशांक, आणि पुरुषांना उतारवयात होणारा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, यांचा संबंध काय, हा तो प्रांत. वैद्यकीय सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही आणि तो हेतूही नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. रक्तातील एखादा आकडा जेव्हा सांगतो की, अमुक माणसाला पुढे अमुक रोग होण्याचा संभव इतरांहून अधिक आहे, तेव्हा त्या आकड्याने त्या माणसावर कोणते कर्तव्य येते? तो आकडा जाणून घेण्यास तो बांधलेला आहे काय? आणि पुढे रोग झालाच, तर त्याचा दोष आपण त्याच्या पदरात घालू शकतो काय?

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. इन्सुलिन हे स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक आपल्या वाचकांना मधुमेहाच्या निमित्ताने परिचित आहे. १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून ते हाती आले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. परंतु रक्तातील इन्सुलिन नेमके मोजण्याची रीत सापडण्यास आणखी जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या दोघांनी १९६० च्या सुमारास ती सिद्ध केली. तिचे पेटंट घेण्याचे त्यांनी नाकारले, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. बर्सन १९७२ साली वारले. यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या मोजणीतून निघालेली एक गोष्ट आश्चर्याची होती. प्रौढ वयात ज्यांना मधुमेह जडतो, त्यांतील पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून उलट अधिक असते, असे दिसून आले.

याचा उलगडा असा. कानाने मंद असलेल्या माणसाशी बोलताना आपण आवाज चढवतो. शरीरातील स्नायू व यकृत इन्सुलिनची हाक नीट ऐकेनासे झाले, की स्वादुपिंडही तसेच करते. अधिकाधिक इन्सुलिन रक्तात सोडते. या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. साखर वर्षानुवर्षे मर्यादेत राहते, माणूस निरोगी दिसतो, आणि आत ही हाकाटी चालू असते. घरातला एक जण बहिरा असला तरी बाकीच्यांचे कान शाबूत असतात, त्यांना ती चढलेली हाक जशीच्या तशी ऐकू येते. इन्सुलिन केवळ साखरेचा कारभार पाहत नाही, पेशींना वाढण्याचा इशाराही देते. शिवाय त्याच्या आधिक्यामुळे इन्सुलिनसदृश वाढघटक-१ या नावाच्या, मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या दुसऱ्या द्रव्यास अधिक मोकळीक मिळते. आणि हे द्रव्य तर पेशींना वाढवणारे व मरणापासून राखणारे म्हणूनच ओळखले जाते. प्रोस्टेट ग्रंथीत कुठे एखादी बिघडलेली पेशी दडून बसली असेल, तर तिलाही हे इशारे पोहोचत असावेत, असा तर्क आहे. तो तपासण्यासाठी संशोधक उपाशीपोटीचे इन्सुलिन मोजतात. इन्सुलिनबरोबर समप्रमाणात सुटणारे व रक्तात त्याहून अधिक वेळ टिकणारे सी-पेप्टाइड मोजतात. साखर व इन्सुलिन यांच्या गुणाकारावरून प्रतिरोधाचा अंदाज बांधतात. आणि तो वाढघटकही मोजतात.

या मोजमापांतून काय निष्पन्न झाले? फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीतील रक्ताचे नमुने जपून ठेवण्यात आले होते. पुढे ज्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असे १०० जण आणि तुलनेसाठी ४०० जण घेऊन, रोगनिदानाच्या ५ ते १२ वर्षे आधीच्या रक्तातील इन्सुलिन तपासले गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सर्वांत अधिक इन्सुलिन असलेल्या चतुर्थांशात सर्वांत कमी असलेल्यांच्या सुमारे अडीचपट धोका आढळला. अमेरिकेतील डॉक्टर मंडळींवर दीर्घकाळ चाललेल्या पाहणीत, २००८ साली, दुसरी गोष्ट दिसली. ज्यांना हा कर्करोग झाला त्यांपैकी ८२७ जणांचे पूर्वीचे सी-पेप्टाइड उपलब्ध होते. त्यांतील सर्वाधिक पातळीच्या गटात या रोगाने मृत्यू येण्याचा संभव सर्वांत खालच्या गटाच्या दुपटीहून अधिक होता. वाढघटकाविषयीच्या बारा अभ्यासांची एकत्र मांडणीही त्याच वर्षी झाली. तिच्यात सुमारे ३,७०० रुग्ण होते, आणि वरच्या पंचमांशात धोका ३८ टक्क्यांनी अधिक निघाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, प्रकरण सिद्ध झाले. पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम कागदांवर उभी आहे. उत्तर स्वीडनमधील पुरुषांच्या २००७ सालच्या अभ्यासात इन्सुलिन-प्रतिरोध अधिक असलेल्यांत हा कर्करोग उलट कमी आढळला. ज्यांना प्रत्यक्ष मधुमेह आहे, अशा पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून सुमारे १६ टक्क्यांनी कमी असते, असे १९ अभ्यासांच्या २००६ सालच्या एकत्रीकरणात दिसले. मधुमेह जुना होतो तसे स्वादुपिंड थकते व इन्सुलिन ओसरते, हे याचे एक संभाव्य कारण. मधुमेह्यांत पुरुषी संप्रेरकाची पातळी कमी असते, हे दुसरे. तिसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. या रोगाचा शोध ज्या रक्तचाचणीने बहुधा लागतो, तिचाच आकडा मधुमेह्यांत खाली राहतो, म्हणून रोग असूनही तो कमी सापडत असावा. म्हणजे आपण रोग मोजतो आहोत की रोगाचे सापडणे मोजतो आहोत, हाच प्रश्न उरतो. यांवरून एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येते की, संबंधाची चाहूल आहे, ती वाढघटकाच्या बाबतीत अधिक स्पष्ट आणि इन्सुलिनच्या बाबतीत धूसर आहे. जे मधुमेही रोज इन्सुलिन टोचून घेतात, त्यांनी या चर्चेवरून त्या औषधाची धास्ती घेण्याचे तर काहीच कारण नाही; ते त्यांच्या जिवाचा आधार आहे.

धोका अडीचपट किंवा ३८ टक्के अधिक, हे शब्द कानाला फार मोठे वाटतात. समजा, एखाद्या गावातील हजार पुरुषांपैकी दहा जणांना काही वर्षांत एक रोग होणार आहे. धोका ३८ टक्क्यांनी वाढला, तर दहांचे चौदा होतील, आणि उरलेल्या ९८६ जणांच्या रक्तात तोच आकडा असूनही त्यांना काही होणार नाही. हे चौदा कोण, ते आकडा सांगत नाही. तो समूहाविषयी बोलतो. आपण मात्र तो कागद हाती घेतला की आपल्याच नावाची पत्रिका वाचावी तसा वाचतो. समूहाचे सत्य व्यक्तीवर उतरवताना जी पायरी गाळली जाते, तिच्यातूनच पुढचे सारे भय आणि सारे दोषारोप निघतात, असे आमचे मत आहे.

प्रमाण किती आणि कशाचे, असे विचारण्याची सवय सुरतेतील मराठी माणसाला परकी नाही. १८४४ साली याच शहरात दुर्गाराम मेहताजी यांच्यासमवेत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मानवधर्म सभेच्या स्थापनेत भाग घेतला होता. दादोबा आपणांस मराठी व्याकरणकार म्हणून ठाऊक असतात. सुरतेच्या शाळेत ते शिक्षक होते, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते. त्या सभेने मंत्रतंत्र करणाऱ्यांना जाहीर आव्हान दिले की, तुमचे सामर्थ्य आम्हांस दाखवा. आज प्रयोगशाळेच्या छापील कागदापुढे आपण तेवढे निर्भय राहत नाही. मंत्र आणि मोजमाप यांत जमीनअस्मानाचा भेद आहे हे खरे. परंतु मोजमापाचाही अर्थ विचारून घ्यावा लागतो, आणि तो विचारणे हा विज्ञानाचा अवमान नसून त्याचीच रीत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोग्याच्या खाटेशी बसून त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलले जाणारे एक वाक्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे: ‘गोडावर ताबा नव्हता, चालणे म्हणून कधी नव्हते, मग दुसरे काय होणार?’ बोलणाऱ्याचा हेतू बहुधा दुष्ट नसतो. तो स्वतःलाच धीर देत असतो. रोगाला कारण आहे आणि ते कारण त्या माणसाच्या वागणुकीत आहे असे ठरले, की आपण निराळे वागून सुरक्षित राहू शकतो, असा दिलासा त्याला मिळतो. आपल्या परंपरेत या दिलाशाचे शास्त्रच झाले होते. कर्मविपाकाच्या ग्रंथांत अमुक पापाचे अमुक रोग हे फळ, अशा याद्या आहेत. त्यांतले पाप गतजन्मीचे असे. आजच्या याद्यांतले या जन्मीचे आहे. भात, साखर, पोटाचा घेर आणि बैठे काम ही नवी पापे झाली आहेत, आणि रक्ततपासणीचा कागद हा नवा चित्रगुप्त. जुन्या यादीला पुरावा नव्हता, नवीला आहे, हा भेद लहान नाही. तरीही पुराव्यावरून कारण सांगणे आणि कारणावरून अपराध ठरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुसरीला पहिलीचा पुरावा पुरत नाही.

अपराध ठरण्यासाठी निदान तीन गोष्टी लागतात. करणाऱ्याला परिणामाचे ज्ञान हवे, निराळे वागण्याचे सामर्थ्य हवे, आणि घडले ते त्याच्याच करणीने घडले असा निश्चय हवा. यांपैकी तिसरी गोष्ट आपल्या विषयात जवळजवळ अशक्य आहे, हे वरील चौदा जणांच्या हिशेबावरून दिसले. पहिलीविषयी काय म्हणावे? जे शास्त्रज्ञांनाही निश्चित सांगता येत नाही, ते न जाणल्याबद्दल आपण आपल्या वडिलांना जबाबदार धरावे काय? राहिली दुसरी गोष्ट, सामर्थ्याची. येथे पुण्यात झालेले काम आपल्या डोळ्यांत अंजन घालणारे आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. पण पुण्याकडच्या त्या चिमुकल्या देहांत स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने मेद अधिक राखलेला होता. ‘बारीक, पण मेदयुक्त’ असे त्यांचे वर्णन केले गेले. २००२ साली त्याच संशोधकांनी दाखवले की, पुण्यातील अर्भकांच्या नाळेच्या रक्तात लंडनमधील गोऱ्या अर्भकांपेक्षा इन्सुलिनही अधिक असते. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. तागडीवर दोघे सारखे. आत दोन निरनिराळे संसार.

ज्या बालकाने अजून पहिला घास खाल्लेला नाही, त्याच्या नाळेत इन्सुलिन चढलेले असेल, तर ते कोणाचे पाप? आईचे म्हणावे, तर तिच्या ताटात काय पडेल ते तिने ठरवलेले नसते. आणि तिच्याही देहावर तिच्या आईच्या उपासमारीची छाया असते. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसण्याचे व झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख येतो, आणि आजचे आहारतज्ज्ञही यापेक्षा फार निराळे सांगत नाहीत. पण त्याच संहितेत, मधुमेही पित्यापासून जन्मलेल्या संततीस बीजातील दोषामुळे हा रोग जडतो, असेही म्हटले आहे. म्हणजे वागणूक आणि बीज ही दोन्ही कारणे आपल्या पूर्वसूरींनी ओळखली होती. बीजाचा दोष हा ज्याच्या ठायी तो असतो त्याचा अपराध नव्हे, हे सांगण्यास संहितेचीही गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. दोष कोणाचाच नाही असे ठरले, तर उद्या कोणी पथ्य कशाला पाळील? भीती आणि लाज ही मनुष्याला वळण लावणारी साधने नव्हेत काय? आमचे उत्तर असे की, दोष मागे पाहतो आणि जबाबदारी पुढे पाहते. पावसाळ्यात तापीला पूर आला, तर तो आणल्याचा अपराध घाटावरच्या रहिवाशाचा नसतो. तरी सामान माळ्यावर चढवण्याची जबाबदारी त्याचीच असते. पोटाचा घेर आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, साखर व इन्सुलिन यांचा कारभार सुरळीत राहील असे जेवणे, हे सारे हृदयासाठी, मूत्रपिंडांसाठी, डोळ्यांसाठी हितकर आहे, हे निश्चित ठरलेले आहे. प्रोस्टेटसाठीही ते हितकर निघाले तर तो वरचा लाभ. त्यासाठी कोणाला पापी ठरवण्याची आवश्यकता नाही. किंबहुना लाजेने माणूस पथ्य पाळण्याऐवजी लपवावयास शिकतो, असाच अनुभव अधिक आहे.

जाणून घेण्याच्या कर्तव्याविषयीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. प्रत्येक सुजाण पुरुषाने पन्नाशी उलटल्यावर रक्तात काय चालले आहे ते पाहिलेच पाहिजे काय? इन्सुलिनचे निर्देशांक पाहून प्रोस्टेटच्या कर्करोगाचे भाकीत करण्याची पद्धत अजून वैद्यकीय व्यवहारात आलेली नाही. त्या रोगासाठी जी चाचणी प्रचलित आहे ती पी. एस. ए. या नावाची. तिच्या इतिहासापासून मात्र या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो. अमेरिकेत १९८६ साली ती रोग्यांच्या देखरेखीसाठी आणि १९९४ साली रोग शोधण्यासाठी मान्य झाली, आणि लाखो निरोगी पुरुष ती करवून घेऊ लागले. त्यातून असे दिसले की, वृद्धांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाचे सूक्ष्म केंद्र असणे ही फार सामान्य गोष्ट आहे, आणि त्यांतील बहुतेक जण दुसऱ्याच कशाने तरी मरतात. जे शोधले नसते तर कधीच त्रासदायक झाले नसते, असे कर्करोग सापडू लागले, त्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुष्कळांच्या वाट्याला लघवीवरचा ताबा जाणे व पुरुषत्व गमावणे आले. ज्या रिचर्ड अब्लिन यांनी १९७० साली प्रोस्टेटमधील प्रतिजनाचा शोध लावला, त्यांनीच २०१० साली या सरसकट तपासणीला सार्वजनिक आरोग्यावरची आपत्ती म्हटले.

तथापि ही चाचणी निरुपयोगी आहे, असेही म्हणता येत नाही. युरोपातील मोठ्या पाहणीचे २३ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ साली आले. त्यांनुसार तपासणीस बोलावलेल्या गटात या रोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. ४५६ पुरुषांना बोलावले, तेव्हा एक मृत्यू टळला. ब्रिटनमध्ये रोग ग्रंथीपुरता मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ देखरेख अशा तीन गटांत विभागले होते. १५ वर्षांनंतर, २०२३ साली, तिन्ही गटांत मिळून सुमारे ९७ टक्के जण या रोगाने मरण पावलेले नव्हते. त्या एका वाचलेल्या प्राणाचे मोल कमी लेखण्याचा अधिकार कोणाला नाही. आणि विनाकारण जायबंदी झालेल्यांचे दुःखही हिशेबाबाहेर टाकता येत नाही. अशा ठिकाणी एकच उत्तर सर्वांवर बंधनकारक करणे आम्हांस नीतीला धरून वाटत नाही. ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याने वैद्याशी नीट बोलून, पुढे काय काय होऊ शकते ते समजून जाणावे. ज्याला नको आहे, तोही अविचारी ठरत नाही. कोणतीही तक्रार नसताना न जाणणे हा येथे एक निवडीचा विषय आहे. लघवीस अडथळा, रक्त जाणे, हाडांचे न थांबणारे दुखणे, अशी लक्षणे दिसू लागल्यावर मात्र तो निवडीचा विषय राहत नाही.

एक कर्तव्य असे आहे की ज्यातून सुटका नाही, आणि आमच्या मते नेमके तेच आपल्या घरांत सर्वांत कमी पाळले जाते. ते म्हणजे सांगण्याचे कर्तव्य. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झालेला असेल, तर पुरुषाचा स्वतःचा धोका साधारण दुपटीने वाढतो. ही माहिती इन्सुलिनच्या निर्देशांकांहून अधिक भरवशाची आहे, आणि ती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच मिळू शकते. परंतु आपल्याकडे आजोबा कशाने गेले असे विचारले, तर ‘वय झाले होते’ एवढेच उत्तर येते. कमरेखालच्या दुखण्याचा उच्चार मुलांपुढे करावयाचा नाही, सुनेपुढे तर नाहीच, अशी मर्यादा चांगल्या घरांत पाळली जाते. त्या मर्यादेमागे असलेल्या शालीनतेचा आम्हांस आदर आहे. पण वडिलांचे मौन हे मुलाच्या निवडीचे साधनच हिरावून घेते. स्वतःच्या देहाविषयी न जाणण्याचा हक्क माणसाला असेल. मुलाला अज्ञानात ठेवण्याचा हक्क त्यातून निघत नाही. आपल्या कुलवृत्तांतांत गोत्र, प्रवर, मूळ गाव, कोणाच्या कारकिर्दीत कोण सुरतेस आले, हे सारे असते. त्यांतच कोण कोणत्या दुखण्याने गेले याची एक ओळ घालावयास कोणती हरकत आहे?

दुसरे कर्तव्य समाजाचे. चरकसंहितेच्या विमानस्थानात एक प्रसंग आहे. गंगेच्या काठी कांपिल्य नगरात अग्निवेश आत्रेयांना विचारतो की, माणसांची प्रकृती, आहार, वय सारे भिन्न असताना एकाच रोगाने सारा जनपद एकदम कसा ओस पडतो? आत्रेय उत्तर देतात की, वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना सामाईक असतात, आणि त्या बिघडल्या म्हणजे असे होते. या उत्तराचा अर्थ सुरतेला १९९४ साली कळला. त्या सप्टेंबरात प्लेगच्या वार्तेने लोक शहर सोडून पळाले. प्रत्येकाने आपापला जीव वाचवला असे तेव्हा वाटले. पण शहर वाचले ते १९९५ पासून पालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत गटारे, कचरा आणि उपाहारगृहे यांची जी सफाई सर्वांसाठी मिळून झाली, तिच्यामुळे. कोणा एकाला दोषी ठरवून ते काम झाले नसते.

इन्सुलिन-प्रतिरोधाचेही तसेच आहे. त्याचे जल आणि वायू म्हणजे आपली ताटे, आपले रस्ते, आपली बैठी कामे आणि आपला आग्रह. आग्रह हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. वाढणाऱ्याने आग्रह करावा आणि जेवणाऱ्याने तो मोडू नये, हा सुरतेचा व महाराष्ट्राचा सामाईक शिष्टाचार. चांदनी पडव्याला घारी, थंडीत पोंक, संक्रांतीस उंधियू आणि त्यावर आपली पुरणपोळी. यांतले काहीही टाकून द्यावे असे आम्ही म्हणणार नाही. सणाच्या एका घासाने कोणाचे रक्त बिघडत नाही. पण पाहुण्याने हात आडवा धरल्यावर ‘एकाने काय होते’ म्हणून दुसरी घारी त्याच्या पानात टाकायची, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या आजारपणात ‘त्यांचा खाण्यावर ताबा नव्हता’ असे म्हणायचे, यात जी विसंगती आहे ती आपण ओळखली पाहिजे. वाढणाऱ्याचा हात जिथे सामील आहे, तिथे जेवणाऱ्याच्या एकट्याच्या नावे हिशेब मांडता येणार नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते की, रक्ताच्या या नव्या निर्देशांकांकडून आपण शिकावयाचे ते आपल्या वागण्याच्या रीतीविषयी. संशोधन चालू राहील. आज धूसर असलेला संबंध उद्या स्पष्ट होईल किंवा पुसलाही जाईल. तोवर वडिलांनी मुलांना आपले दुखणे सांगावे, मुलांनी ते न लाजता विचारावे, आणि पानावर आडवा धरलेला हात यजमानाने पाहावा. आणि रोग ज्याच्या वाट्याला आलाच, त्याच्या खाटेशी बसताना कारणांची यादी दाराबाहेर ठेवून आत जावे. त्याला तिची त्या वेळी गरज नसते, आणि ती वाचून दाखवण्याचा अधिकारही आपणांपैकी कोणाला नसतो.